वरचा तुमचा, खालचा आमचा

काना दोमितिलाचं नवऱ्याशी भांडण लागलं की ते ओल्या सरपणावरून सुरू व्हायचं आणि दगडावर जाऊन संपायचं. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला काना म्हणतात आणि पुरुषाला कावा. आणि दगड म्हणजे आमच्या सेपेक गावच्या जुन्या चौकातला उभा दगड. दोन पुरुष उंच. त्यावर राजा कोरलाय. डोक्यावर पिसांचा एवढा डोलारा, की याची मान कशी शाबूत राहिली असं वाटावं. हातात दंड, कमरेला मुंडक्यांचा पट्टा आणि पायाखाली एक माणूस. त्याचे हात दोरीनं बांधलेले, गुडघे टेकलेले, पाठ वाकलेली. राजा त्याच्या पाठीवर उभा.

वरचा राजा आमचा आणि खालचा माणूस नदीपलीकडच्या चिहा गावचा, हे आमच्याकडे पोर दूध सुटायच्या आत शिकतं. कुणी सांगितलं, कशावरून, असं विचारायची गरजच पडली नव्हती. दगड आमच्या गावात, मग वर उभा असेल तो आमचाच. दुसऱ्याच्या राजाला कोण आपल्या अंगणात उभा करतो?

आणि दोमितिलाचा नवरा, कावा क्रिसांतो, होता चिहाचा. त्यातून घरजावई.

दोमितिलाच्या बापाची टेकडीवर वेलदोड्याची बाग होती आणि मुलगा नव्हता. एका हंगामात चिहातून एक उंच, काटकुळा तरुण वेलदोडा वेचायला आला. हंगाम संपला, बाकीचे मजूर होडीत बसून गेले, हा मागे राहिला. पुढे लग्न झालं. तेव्हापासून तो तिच्या चुलीसमोरच्या बुटक्या बाकड्यावर गुडघे हनुवटीला लावून बसायचा आणि ती बोलायची. एरवी ती त्याला ‘तू’ म्हणे. टोमणा मारायचा असला की ‘तुम्ही’. त्या ‘तुम्ही’त मान नसायचा, अख्खं चिहा असायचं.

“तुम्हाला सरपण आणायला सांगितलं तर ओलं आणता. राजाच्या पायाखाली गेलात ते उगाच नाही.”

क्रिसांतो फुंकणी फुंकत राहायचा. माझं घर त्यांच्या कुंपणाला लागून. मी गावचा शिंपी. भांडण नीट ऐकू यावं म्हणून मला कितीदा मशीन थांबवावं लागे, त्यापायी गिऱ्हाइकांचे कपडे लांबत, पण गिऱ्हाईकही समजून घेई. आधी विचारायचं, “आज काय म्हणाली?” मग कपड्यांचं.

दोमितिला बुटकी, रुंद, आणि आवाज असा की ती हसली तर दरीपलीकडचे टर्की मान वर करून बघत. जुन्या चौकाच्या फाटकापाशी पत्र्याखाली बसून ती तमाल विकायची, केळीच्या पानात उकडलेले मक्याचे उंडे. दगड बघायला परदेशातून माणसं येत. तिला स्पॅनिशचा गंध नव्हता, इतर भाषांची गोष्टच सोडा. पण तिचं काही अडत नसे. एक बोट ती वरच्या राजाकडे करी आणि मग स्वतःच्या छातीवर ठेवी. मग खालच्या माणसाकडे करी आणि तेच बोट फिरवून चुलीशी बसलेल्या क्रिसांतोवर आणी. पाहुणे खो खो हसत, दोघांचा फोटो काढत, तमाल घेत. क्रिसांतोही हसे. न हसून जातो कुठे?

संत बार्तोलोमेच्या जत्रेला सेपेक आणि चिहाचा फुटबॉलचा सामना होतो. आमच्या पोरांच्या छातीवर राजाचं चित्र असायचं. पिवळ्या कापडाचा राजा कापून मी हिरव्या सदऱ्यावर टाके घालायचो. पिसं करताना बोटं सोलून निघायची. त्या वर्षी मी जास्तच मन लावून नवे सदरे शिवत होतो, आणि तेवढ्यात राजधानीहून बाई आली.

बाईचं नाव औरेलिया शितुमुल. दगडावरची अक्षरं वाचणारी. तीही आपल्यातलीच, इथल्या मूळच्या लोकांपैकी, पण लांबच्या डोंगराकडची. तिची बोली आणि आमची बोली चुलत बहिणी. तोंडवळा सारखा, पण एकमेकींचं एक अक्षर कळत नाही. म्हणून ती स्पॅनिशमध्ये बोलायची आणि आमचे अबेलिनो मास्तर आम्हाला सांगायचे. बाईनं दगडावर काळी ताडपत्री टाकली, आत दिवा नेला आणि दिवसभर आत बसून राहू लागली. उजेड तिरका पाडला की झिजलेली अक्षरं वर येतात म्हणे. बायका म्हणायच्या, राजाची आंघोळ चाललीय, तिकडे जाऊ नका.

दोमितिला तिला रोज दोन तमाल फुकट देऊ लागली. जी बाई नवऱ्याच्या ताटात मोजून वाढते, ती!

“मास्तर, विचारा तिला, काय म्हणतोय आमचा राजा?”

मास्तर विचारायचे. बाई तमाल खाता खाता हसून म्हणायची, थोडं थांबा.

“थांबते. पण सांगा तिला, सगळं मोठ्यानं वाचायचं. काही गाळायचं नाही. या कावा क्रिसांतोला ऐकू जाईल असं.”

शेवटी एका रविवारी वाचायचं ठरलं. प्रार्थना आटोपून गाव चौकात जमला. मारिंबावाले आले, लाकडी पट्ट्यांवर काठ्या मारून वाजवणारे. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असल्यामुळे त्याला खुणेनं सांगून ठेवलं होतं, की मास्तरांनी हात वर केला की आनंदाची चाल लावायची. दोमितिला नवं भरतकामाचं पोलकं घालून सगळ्यांच्या पुढे बसली होती, मांडीवर कोको भरलेला तुंबा, जणू तिचंच बारसं. क्रिसांतो मागे सावरीच्या झाडाखाली उभा होता.

बाई दगडाच्या कडेची एकेक आकृती दाखवत बोलू लागली. चारदोन वाक्यं झाली आणि मास्तरांचा चेहरा उतरला.

“काय म्हणते?” दोमितिला.

“बाई म्हणतात… फार जुनी गोष्ट आहे.”

टाळ्या पडल्या. बाई पुढे बोलली. मास्तरांनी कपाळ पुसलं.

“बाई म्हणतात, नदीपलीकडचा राजा आपल्या गावी आला.”

“मार खायला!” दोमितिला ओरडली. पुन्हा टाळ्या.

“आला… म्हणजे, पाहुणा म्हणून आला.”

“मग पाहुण्याला बांधला कशाला?” मागून कुणीतरी विचारलं.

“त्या काळी,” मास्तर म्हणाले, “पाहुण्याला घट्ट धरून ठेवायची पद्धत होती.”

बाई खाली वाकली. वाकलेल्या माणसाच्या मांडीवर चार आकृत्या होत्या, त्यांवरून तिनं बोट फिरवलं आणि एक वाक्य सावकाश, स्पष्ट म्हटलं. मास्तर तिच्याकडे बघत राहिले, मग आमच्याकडे, मग झाडाच्या शेंड्याकडे.

“आणि मग,” ते म्हणाले, “आपल्या राजानं त्याला… पाठ दिली. म्हणजे आधार दिला. पाठीचा.”

तेवढ्यात मागे सावरीखाली काहीतरी फसकन् झालं. आम्ही वळलो. क्रिसांतो तोंडावर टोपी दाबून उभा होता आणि त्याचे खांदे गदगदा हलत होते. मग टोपी पडली आणि तो खाली बसला, पोट धरून. गावात त्याचं हसू कुणी ऐकलंच नव्हतं. फोटोतलं हसू वेगळं. एकीला वाटलं फेफरं आलं, ती पाणी घेऊन धावली. कुणाच्या लक्षातच नव्हतं, की लग्नाआधी हा माणूस कॉफीच्या मळ्यावर मालकाच्या घोड्यांकडे होता आणि त्याला स्पॅनिश मास्तरांइतकंच येत होतं. त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

“काय झालं रे?” दोमितिला उठून उभी राहिली. “ती काय म्हणाली? सांग!”

क्रिसांतोनं डोळे पुसले.

“वरचा आमचा,” तो म्हणाला. “चिहाचा. खालचा तुमचा. त्याच्या मांडीवर लिहिलंय, सेपेकचा धनी. आमच्या राजानं तुमच्या राजाला धरला, बांधला, आणि विसरू नये म्हणून तुमच्याच चौकात हा दगड उभा केला.”

सगळे मास्तरांकडे बघू लागले. “बाईंनी तीनतीनदा वाचलंय,” मास्तर म्हणाले आणि हार मानल्यासारखे दोन्ही हात वर केले. मारिंबावाल्या म्हाताऱ्यानं हात वर झालेला पाहिला आणि आनंदाची चाल लावली. त्याला थांबवेपर्यंत पहिलं कडवं होऊन गेलं.

त्या दिवसापासून शेजारच्या घरात राज्य बदललं. सकाळी शीळ ऐकू आली. मी कुंपणावरून पाहिलं, तर क्रिसांतो बाकड्यावर नव्हता, सासऱ्याच्या खुर्चीवर पाय पसरून बसला होता.

“दोमितिला,” तो म्हणाला, “तुम्ही जरा मिरची द्या.”

ते ‘तुम्ही’ ऐकलं आणि त्या दिवसापुरतं मी मशीन बंदच करून टाकलं. दोमितिलानं मिरची दिली. काही बोलली नाही. आता ही बाई बोलत नाही म्हणजे काहीतरी भयंकर होणार म्हणून मी वाट बघत होतो, पण दुपारी तो म्हणाला, “तुमचा तमाल आज जरा घट्ट झालाय,” तरीही ती बोलली नाही. संध्याकाळी माझी बायको तिच्यासाठी रस्सा घेऊन गेली, घरात कुणी गेल्यासारखा.

गावाचीही कळा गेली. बातमी होडीआधी नदीपार पोचली होती. चिहाची पोरं पलीकडच्या काठावर येऊन ओणवी होत आणि एकमेकांच्या पाठीवर चढून उभी राहत. आमची पोरं रागानं दगड भिरकावत, ते नदीच्या मध्यावर पडत. त्यातच संघाचा कप्तान माझ्याकडे आला, हिरव्या सदऱ्यांचा गठ्ठा टाकला आणि म्हणाला, “उसवा.” दुश्मनाचा राजा आम्ही इतकी वर्षं छातीवर मिरवला होता. वर चिहावाल्यांनी निरोप धाडला, की सदरे टाकून देणार असाल तर आम्हाला द्या, चित्र छान आलंय. माझ्या कामाची एवढी तारीफ याआधी कुणी केली नव्हती. पण ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

दोमितिला मात्र रोज सकाळी तमालाची टोपली फाटकापाशी ठेवून दगडाकडे जायची. एकदा मी मागे गेलो. ती वर बघत नव्हती. गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून खालच्या माणसाचं तोंड बघत होती. एवढ्या वर्षांत आमच्यापैकी कुणी ते धड पाहिलं नव्हतं; वरच्याचीच पिसं मोजत आलो होतो.

“एलिगिओ,” माझी चाहूल लागताच ती म्हणाली, “इकडे ये. नाक बघ. माझ्या बापाचं नाक आहे.”

मी वाकून पाहिलं. नाक होतं खरं. बापाचं की नाही ते देव जाणे, तिच्या बापाची मला फक्त दाढी आठवते.

“आणि डोळे उघडे आहेत बघ. बांधला, वाकवला, पण डोळे मिटले नाहीत यानं.” मग ती त्या दगडी तोंडावरच ओरडली, “एवढा मोठा धनी तू, सापडलास कसा रे? कुणावर विश्वास ठेवलास? जावयावर?”

आणि तिनं त्याच्यापुढे धूप लावला. दुसऱ्या दिवशी एक मेणबत्ती. आठवड्याभरात इतर बायकाही येऊ लागल्या. वरच्याकडे कुणी बघेना. ज्याला इतकी वर्षं मुजरे केले, त्याच्याकडे पाठ करून सगळ्या खाली वाकलेल्या.

जत्रा जवळ आली आणि एका सकाळी चिहाहून ट्रक आला. लांबच्या पुलावरून वळसा घालून आलेला. ट्रकमध्ये दोरखंड, लाकडी ओंडके, दहाबारा दांडगी पोरं, आणि पुढे बसलेले गावप्रमुख रोसेंदो इकाल, मांडीवर एक जिवंत टर्की घेऊन. रिकाम्या हातानं कुणाच्या गावी जाऊ नये, एवढी रीत त्यांना होती.

त्यांनी टर्की आमच्या म्हाताऱ्यांच्या हाती दिला, टोपी काढली आणि म्हणाले, “आमच्या राजाला घरी न्यायला आलोय.”

चौकाचा राखणदार पुढे झाला. “दगड सरकारचा आहे. हलवता येत नाही.”

“दगड सरकारचा, मान्य,” रोसेंदो म्हणाले. “पण राजा आमचा आहे. जत्रेपुरता नेतो, आणून देतो.”

आमच्याकडची पोरं बाह्या सारू लागली, त्यांची ट्रकमधून उतरू लागली. टर्की ओरडायला लागला. रोसेंदो शहाणा माणूस. त्यांनी गर्दीत मागे उभ्या असलेल्या क्रिसांतोला हेरलं.

“कावा क्रिसांतो, इकडे ये. तू आमच्या रक्ताचा. तूच सांग. आपल्या राजानं परक्या गावात किती दिवस काढायचे?”

सगळा चौक त्याच्याकडे वळला. गावच्या गोष्टीत त्याचं मत कुणी पहिल्यांदाच मागत होतं. तो पुढे आला, घसा खाकरला. पण त्याच्या आधी दोमितिला बोलली. कित्येक दिवसांनी तिचा आवाज ऐकला, तर दोन्हीकडची पोरं एक पाऊल मागे सरली.

“न्या,” ती म्हणाली.

“काय?” आमचे लोक ओरडले.

“नेऊ द्या की. वरचा तुमचा ना, रोसेंदो? खुशाल न्या. पण खालचा आमचा. त्याला बोट लावायचं नाही. तुमचा उचला, आमचा ठेवा.”

रोसेंदोंनी दगडाकडे पाहिलं. “काना, दगड एकच आहे.”

“ते तुमचं तुम्ही बघा. इतकी वर्षं आमच्या माणसाच्या पाठीवर फुकट उभा आहे. भाडं मागितलं का आम्ही? आता म्हणावं, खाली उतर आणि चालत घरी जा. दोन पाय आहेत ना त्याला? का उचलून न्यायची सवय लागलीय?”

आधी आमच्यातलं कुणीतरी हसलं. मग ट्रकवरचा एक पोरगा हसला, त्याला रोसेंदोंनी डोळे वटारले, पण तोवर दुसरा हसला होता.

“कावा,” रोसेंदो जरा चढ्या आवाजात म्हणाले, “तू बोल. चिहाचा माणूस म्हणून बोल.”

“मी काय बोलू?” क्रिसांतो म्हणाला. “मी घरजावई.”

“तरी बोल.”

क्रिसांतोनं मान वर करून राजाकडे पाहिलं. मग म्हणाला, “रोसेंदो, मी इथे वेलदोडा वेचायला आलो होतो. हंगामापुरता. आईला सांगून आलो होतो, लगेच येतो. याचंही तसंच झालं असणार. जिंकून आला, घटकाभर वर उभा राहिला, म्हणाला आता निघतो. निघता आलं नाही.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे लोकांना वाटतं, वरच्यानं खालच्याला दाबून धरलंय. मला विचारशील तर खालच्यानं वरच्याला सोडलेलं नाही. खालचा हलला तर वरचा तोंडावर पडेल. तो काय चिहाला येतोय?” त्यानं टोपी नीट केली. “याला न्यायचं म्हणशील तर मग मलाही न्यावं लागेल. दोघांची केस एकच आहे. आणि मला न्यायचं असेल तर हिला विचार.”

रोसेंदोंनी दोमितिलाकडे पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यांनी विचारलं नाही.

मग आता ट्रक रिकामा परत कसा न्यायचा, असा पेच पडला. आमच्या म्हाताऱ्यांनी तो सोडवला. टर्की होताच. बायकांनी चुली पेटवल्या, लाल रस्सा झाला, आणि चिहाची दांडगी पोरं ओंडक्यांवर बसून जेवली. दोरखंड फाटकाला झोपाळा बांधायला ठेवून घेतले. ते अजून आहेत. बाई औरेलियाही रश्श्याला होती. मास्तरांनी तिला क्रिसांतोचं बोलणं भाषांतर करून सांगितलं, या वेळी जसंच्या तसं. ती बराच वेळ हसली आणि म्हणाली, असं मला दगडावर कुठे दिसलं नाही, पण नाही असंही म्हणवत नाही.

त्या रात्री शेजारून आवाज आला, “सरक तिकडे, माझ्या बापाची खुर्ची आहे ती.” मग लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज. सकाळी पाहिलं, तर क्रिसांतोनं बाकड्याला पाठ ठोकून घेतली होती आणि पाय उंच केले होते. खुर्ची तिची, बाकडं त्याचं, पण उंची आता सारखी.

सदऱ्यांचं काय करायचं, हे दोमितिलानंच सांगितलं. मी पिवळ्या कापडाचा वाकलेला माणूस कापला आणि हिरव्या सदऱ्यांवर लावला. पिसं नसल्यामुळे काम लवकर उरकलं. काढलेले राजे मी क्रिसांतोच्या हाती चिहाला पाठवून दिले. त्यांनी ते पांढऱ्या सदऱ्यांवर लावले, टाके ओबडधोबड, पण बोलायचं नाही. जत्रेत सामना झाला आणि आम्ही हरलो. आमच्या एकुलत्या एका गोलला क्रिसांतो टोपी उडवून नाचला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो इकडेतिकडे बघत हळूच बसला. पुढच्या चेंडूला चिहानं गोल केला, तेव्हाही तो नाचला. दोमितिला म्हणाली, “बघा, याला म्हणतात दोन्ही हातांनी जेवणं.”

जत्रेनंतर क्रिसांतोच्या बहिणीचा निरोप आला, की चिहाच्या सणाला या, दोघंही. दोमितिला लग्नानंतर एकदाही सासरी गेली नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं, हे खरं. पण ती म्हणायची, मीच जात नाही. दोन दिवस तिनं नाही नाही म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे पोलक्याची बाही सैल करायला आणली.

होडीत ती मधोमध बसली, दोन्ही काठ घट्ट धरून. आम्हीही गेलो होतो, माझी बायको आणि मी. अशी संधी कोण सोडतो? चिहात तिला पाहायला गाव लोटला होता. जिनं राजाला ‘चालत घरी जा’ म्हटलं ती हीच, असं पोरं एकमेकांना सांगत होती. नणंदेनं तिला दारातल्या चांगल्या खुर्चीवर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि मोठ्या वाटीत टर्कीचा लाल रस्सा वाढला. दोमितिलानं वाटी तोंडाला लावली. घर श्वास रोखून उभं. क्रिसांतो तर भिंतीलाच चिकटला होता.

“कसा झालाय, वहिनी?” नणंदेनं शेवटी विचारलं.

दोमितिलानं वाटी रिकामी करून तोंड पुसलं.

“टर्की म्हातारा होता,” ती म्हणाली आणि वाटी पुन्हा पुढे केली.